ग्वेलिन, यांगशुओ की शिंगपिंग? ली नदीकाठी सहा जणांचा मुक्काम कुठं करावा

निपाणीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. दसऱ्याच्या सुट्टीत चीनमधल्या ली नदीच्या डोंगराळ भागात जायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलं दहा आणि सहा वर्षांची, शिवाय आई-वडील. वडिलांचं वय ६८, गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत. आई पूर्ण शाकाहारी. ग्वांगझोऊपर्यंत विमान, पुढं रेल्वे. या भागात पाच रात्री मिळतील.

बुकिंगच्या साइटवर सगळ्याच खोल्या 'नदीकाठी, डोंगर दिसणाऱ्या' आहेत. मुक्काम ग्वेलिन शहरात करावा, यांगशुओत, की शिंगपिंगमध्ये? एकाच जागी राहावं की जागा बदलावी? आणि लोंगजीच्या भातखाचरांजवळ एक रात्र बसेल का?

टिळकवाडी_वाचक

खोली बघण्याआधी तारीख बघा. १ ते ७ ऑक्टोबर, एखाद्या वर्षी ८ पर्यंत, चीनमध्ये राष्ट्रीय दिनाची सुट्टी असते आणि अख्खा देश फिरायला निघतो. दर चढतात, रेल्वेची तिकिटं संपतात, यांगशुओच्या रस्त्यांवर गाड्या अडकून पडतात. आपल्याकडची दसऱ्याची शाळासुट्टी बऱ्याचदा याच आठवड्यात सुरू होते. तेव्हा सुट्टीचा मागचा भाग धरा, म्हणजे ९ तारखेनंतर पोचा. तोवर पावसाळाही सरलेला असतो. उन्हाळी सुट्टीत जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की तिथला मोठा पाऊस एप्रिल ते जूनमध्ये पडतो आणि नदी फुगली की तराफे बंद ठेवतात.

आता मुक्काम. ग्वेलिन ते यांगशुओ हा नदीचा पल्ला ८३ किलोमीटरचा. मोठ्या बोटी प्रवासी घेऊन वरून खाली, म्हणजे ग्वेलिनकडून यांगशुओकडे येतात आणि परतीला रिकाम्या जातात. मुक्कामाचा क्रम तोच ठेवा:

पहिली रात्र ग्वेलिन शहरात. सकाळी बॅगांसकट बोट पकडायची, चार-साडेचार तासांत यांगशुओ. तिथं किंवा जवळपास उरलेल्या रात्री. परतताना पुन्हा ग्वेलिनला जायचं नाही. यांगशुओ स्टेशनवरूनच ग्वांगझोऊ साउथची हायस्पीड गाडी धरायची.

बहुतेकांची फसगत होते ती इथं. 'यांगशुओ' नावाचं स्टेशन यांगशुओ गावात नाही. ते शिंगपिंगजवळ आहे आणि यांगशुओहून तिथं पोचायला गाडीनं तासभर लागतो. गर्दीच्या दिवशी दोन तास हाताशी ठेवा. तसंच ग्वेलिनला तीन स्टेशनं आहेत. 'ग्वेलिन' स्टेशन शहरात आहे, 'ग्वेलिन नॉर्थ' उत्तरेकडं, आणि 'ग्वेलिन वेस्ट' पार बाहेर. ग्वांगझोऊहून येणाऱ्या काही गाड्या फक्त वेस्टलाच थांबतात. तिकीट काढताना नुसतं 'ग्वेलिन' शोधू नका, कुठल्या स्टेशनवर उतरवते ते वाचा.

बोटही शहराच्या मधोमध मिळत नाही. परदेशी प्रवाशांच्या बोटी बहुतेक मोपानशान किंवा जुजियांग धक्क्यावरून सुटतात आणि तिथवर बसनं पाऊण तास ते तासभर जातो. त्यामुळं ग्वेलिनचं हॉटेल स्टेशन आणि शहरातली तळी यांच्या मधे घ्या, आणि बोटीच्या तिकिटात हॉटेलवरून नेणं धरलंय का ते विचारा. तिकीट पासपोर्टच्या नंबरावर निघतं. एक आकडा चुकला तरी धक्क्यावर अडवतात.

मलप्रभाकाठ

वरचा क्रम बरोबर आहे. यांगशुओत नेमकं कुठं, ते सांगतो.

वेस्ट स्ट्रीटवर राहू नका. दुकानं, बार, ढणढण गाणी, आणि हे मध्यरात्रीपर्यंत. लहान मुलं आणि वयस्क माणसं असताना तिथं खोली घेण्यात काहीच अर्थ नाही. संध्याकाळी एक फेरी मारली की पुरे. गावातच राहायचं असेल तर मुख्य रस्त्यापासून दोन-तीन गल्ल्या आत बघा.

तुमच्यासाठी मी युलोंग नदीचा काठ सांगेन. ही ली नदीला मिळणारी छोटी नदी. हिच्यावर मोठ्या बोटी नाहीत, खरे बांबूचे तराफे माणूस काठीनं ढकलत नेतो. ली नदीवर यांगदी-शिंगपिंग पट्ट्यात 'बांबू राफ्ट' म्हणून मिळतात ते प्लॅस्टिकच्या नळ्यांचे आणि मोटरचे असतात, हा फरक माहीत असू द्या. युलोंगकाठी सपाट रस्ते आहेत, भाताची शेतं आहेत आणि डोंगर खिडकीतून दिसतात, त्यामुळं वडिलांना बघण्यासाठी चढावं लागत नाही. बाकीच्यांनी सायकल घ्यावी. तराफ्यावर मात्र वृद्ध आणि लहान मुलांसाठी वयाची आणि उंचीची अट असते, ती प्रत्येक टप्प्याला वेगळी. तिकीट घेण्याआधी वडील आणि धाकटं मूल बसतंय का ते विचारून घ्या.

खोली ठरवताना हॉटेलला मेसेज करून एवढं विचाराच:

लिफ्ट आहे का. तिथली घरगुती लॉजं बहुतेक तीन-चार मजली घरांची केलेली असतात आणि पुष्कळांत लिफ्ट नसते. चिनी लोक तळमजल्याला पहिला मजला म्हणतात, म्हणजे त्यांचा 'दुसरा' हा आपला पहिला. वडिलांसाठी त्यांचा पहिला मजला लेखी मागून घ्या.

गाडी दारापर्यंत येते का. सुट्टीच्या दिवसांत नदीकाठच्या रस्त्यावर बाहेरच्या गाड्या अडवतात. मग बॅगा ओढत चालावं लागतं, नाहीतर हॉटेलनं आपलं वाहन पाठवावं लागतं. पाठवतील का, हे आधीच ठरवा.

गादी कशी आहे. तिथल्या गाद्या कडक असतात. जादा रजई मागितली की देतात, ती खाली अंथरायची.

विदेशी पाहुण्याची नोंद करतात का. कायद्यानं परदेशी माणसाची नोंद २४ तासांत पोलिसांकडं व्हावी लागते. हॉटेल पासपोर्ट घेऊन ती आपणच करतं. छोट्या घरगुती लॉजवाल्यांना कधी ती पद्धतच माहीत नसते आणि रात्री दारात घोळ होतो. नोंद राहिली तर परदेशी माणसाला २,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून परदेशी पाहुण्यांचे ताजे अभिप्राय असलेलीच जागा घ्या.

आणि गूगल मॅपवर विसंबून जागा ठरवू नका. चीनचे नकाशे मुद्दाम सरकवलेल्या मापनपद्धतीवर चालतात, त्यामुळं गूगलवरची खूण खऱ्या जागेपासून शे-दोनशे मीटर, कधी त्याहून जास्त हटलेली असते. नदीकाठी एवढ्या फरकानं हॉटेल पलीकडच्या काठावर दिसतं. आमॅप नावाचं चिनी ॲप टाका आणि हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत मागवून त्यात शोधा.

घटप्रभा_७

शिंगपिंगचं नाव मागं पडतंय, म्हणून लिहितो. २० युआनच्या नोटेच्या मागचं चित्र शिंगपिंगच्याच नदीकाठचं आहे. दिवसाचे प्रवासी चार-पाचला निघून गेले की गाव शांत होतं. स्टेशन अगदी जवळ. दादा, तुमची परतीची गाडी सकाळची असेल तर शेवटची रात्र इथं काढा, यांगशुओहून पहाटे धावाधाव नको.

पण तिथलं लाओजाय डोंगरावरून सूर्यास्त बघणं वडिलांनी करू नये. दगडी पायऱ्या उभ्या आहेत आणि पावसानंतर निसरड्या होतात. मुलांनाही बॅटरी दिल्याशिवाय नेऊ नका, उतरताना अंधार पडतोच.

चिकोडीची_अन्नपूर्णा

तुमच्या आईंच्या जेवणाचं आधीच बघा. ग्वेलिनचे तांदळाचे नूडल्स प्रसिद्ध, पण रस्सा हाडांचा असतो, वरचं मांस काढून चालत नाही. भाज्याही कधी डुकराच्या चरबीत परततात. 'मांस, मासे, चरबी, हाडांचा रस्सा नको, अंडं चालतं किंवा नाही' असं चिनीत छापून जवळ ठेवा. नुसतं 'शाकाहारी' म्हटलं तर मांस वगळतात, रस्सा तोच घालतात. टोफू, पालेभाज्या, भात आणि शेजारच्या लिपूचा अरवीसारखा कंद हे सगळीकडं मिळतं. युलोंगकाठच्या काही लॉजांत पाहुण्यांना स्वयंपाकघर वापरू देतात, तसं असेल तर तीच जागा घ्या. बोटीवरच्या दिवसासाठी दशम्या आणि शेंगाचटणी बरोबर असू दे.

निपाणीकर

फार उपयोगी माहिती, मनापासून आभार. म्हणजे ग्वेलिन १, युलोंगकाठ ३, शिंगपिंग १. मग लोंगजी सोडावं का? आणि पैसे कसे देता?

टिळकवाडी_वाचक

या खेपेला सोडा. ग्वेलिनहून गाडीनं दोन-अडीच तास. पिंगआन गावात वाहनतळापासून पुढं पायऱ्याच आहेत, खोल्या वर. सामान वाहणाऱ्या बायका पाठीवरच्या टोपलीतून बॅगा नेतात, पण माणसाला चढावंच लागतं. तिथल्याच दाजाय गावाला रोपवे आहे, तरी खोलीपर्यंत पायवाट उरतेच. शिवाय तिथलं भात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला पिवळं असतं आणि मग कापणी होते. तुम्ही ९ नंतर पोचणार, तोवर बरीचशी खाचरं रिकामी झालेली असतील. एक रात्र मोडून, गुडघ्यांना त्रास देऊन रिकामी खाचरं बघू नका.

पैशांसाठी अलीपे हे चिनी पेमेंट ॲप टाका आणि त्याला व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा, रुपे चालत नाही. २०० युआनवरच्या एकेका व्यवहारावर ३ टक्के शुल्क लागतं, त्याच्या आत नाही. कार्डाची जोडणी आणि ओळख पडताळणी इथं घरी बसूनच करा. बँकेचा ओटीपी भारतातल्या नंबरावर येतो, म्हणून ते सिम रोमिंगसह चालू ठेवा. थोडी रोख असू द्या, खेड्यातल्या फळवाल्या आजी ती खुशीनं घेतात.

एक राहिलंच. पत्ता कर्नाटकातला असला तरी आपल्या बेळगाव जिल्ह्याचा व्हिसाचा अर्ज मुंबईच्या केंद्राकडं जातो. अर्जाला मुक्कामाचं बुकिंग लागतं, तेव्हा तिन्ही जागा मोफत रद्द करता येतील अशाच घ्या. रेल्वेची तिकिटं मात्र साधारण १५ दिवस आधी खुली होतात. त्या दिवशी सकाळी बसून सहाही जणांची एकदम काढून ठेवा.