तळलेले चिकन, तिखट चिकन आणि बाटलीवरचा शब्द

प्राजक्ता: शनिवारच्या जेवणात एका ताटात नुसते मीठ-मिरपूड लावून तळलेले चिकन असेल आणि दुसऱ्यात मिरचीच्या सॉसमध्ये घोळवलेले. दोन्हींबरोबर एकच ब्रूट (म्हणजे कमी साखरेची) स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन आणावी, असा माझा विचार आहे. शेखरकाका, तुमचे मत काय?

शेखरकाका: पहिल्या ताटासाठी ब्रूट अवश्य आण, दुसऱ्यासाठी मुळीच आणू नकोस. तळलेल्या चिकनचा घास गिळल्यावर टाळूवर तेलाचा जो थर राहतो, तो पाणी पिऊन जात नाही. पण वाइनमधल्या आम्लाने तोंडाला पाणी सुटते, बुडबुडे जिभेला बारीक टोचतात आणि पुढचा घास पुन्हा पहिल्या घासासारखा लागतो. शिवाय मिठामुळे आंबटपणाची धार बोथट होते, त्यामुळे एरवी कडक वाटणारी ब्रूट खारट पदार्थाबरोबर सौम्य लागते. शॅम्पेन किंवा स्पेनची कावा असेल तर दुधात साखर, कारण या वाइन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात आणि यीस्टच्या गाळावर कित्येक महिने ठेवतात (कावा किमान 9 महिने). त्यातून येणारा भाजलेल्या पावासारखा वास चिकनच्या खरपूस आवरणाशी फार सुंदर जुळतो.

अनघाताई: काका, थंडगार वाइनने तिखट शमायला हवे ना? गेल्या वेळी मी तसे समजून घोटामागून घोट घेतले आणि कानशिले तापली. दोष मिरचीचा की माझा?

शेखरकाका: दोष जोडीचा. मिरचीतले कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहकांना (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनांना) चेतवते, म्हणून काहीही गरम नसताना चटका बसल्यासारखे वाटते. अल्कोहोलही त्याच ग्राहकांना डिवचते, आणि बुडबुड्यांमधल्या कार्बन डायऑक्साइडची झिणझिण निराळीच. गारव्याने घटकाभर बरे वाटते, पण कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्यामुळे ते धुऊन निघण्याऐवजी तोंडभर पसरते. साखर मात्र तिखटाची जाणीव खरोखर कमी करते. म्हणून सॉसमधल्या चिकनला कमी अल्कोहोलची आणि गोडसर वाइन हवी. शॅम्पेनमध्ये साधारण 12 टक्के अल्कोहोल असते, तर मोस्काटो द आस्ती या इटलीच्या गोड वाइनमध्ये जेमतेम 5 टक्के. तिचे बुडबुडेही मंद असतात. वाइनचे जाणकार तिला गोड म्हणून नाके मुरडतात, त्यांना हे ताट वाढून पाहावे.

अमेय: मग मी 'एक्स्ट्रा ड्राय' टाळतो, कारण नावावरून ती सगळ्यांत कोरडी, म्हणजे सगळ्यांत कमी गोड असणार.

शेखरकाका: इथेच सगळे फसतात! एक्स्ट्रा ड्राय ही ब्रूटपेक्षा गोड असते. ब्रूटमध्ये लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17, 'सेक' किंवा 'ड्राय'मध्ये 17 ते 32 आणि डेमी-सेकमध्ये 32 ते 50. एकोणिसाव्या शतकात शॅम्पेन पुष्कळ गोड करत, त्या मानाने जी कोरडी तिला 'ड्राय' म्हणू लागले. पुढे लोकांची आवड बदलली, पण नाव तेच राहिले.

प्राजक्ता: आणि एकच बाटली आणायची झाली तर?

शेखरकाका: तर एक्स्ट्रा ड्राय प्रोसेको, ही इटलीची बुडबुड्यांची वाइन. ती टाकीत आंबवतात, त्यामुळे पावाचा वास नसतो, पण नाशपातीसारखा फळांचा स्वाद असतो आणि अल्कोहोल सहसा 11 टक्क्यांच्या आसपास. दोन्ही ताटांना ती चालून जाईल, रंगत मात्र कुठल्याच ताटाला आणणार नाही.

अनघाताई: मला त्या दिवशी आणखी एक गंमत दिसली. पेल्याच्या ज्या कडेला माझे तेलकट ओठ लागत होते, तिथला फेस लगेच बसत होता. पलीकडच्या कडेला तो टिकून होता.

शेखरकाका: बरोबर पाहिलेस, तेल लागले की फेस फुटतो. घोट घेण्याआधी ओठ पुसावेत. जे पिणार नाहीत, त्यांच्यासाठी थंड दूध ठेव. त्यातले केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून बाजूला काढते.

प्राजक्ता: ठरले, दोन बाटल्या आणि भरपूर कागदी रुमाल. अमेय, पैसे देण्याआधी दोन्ही लेबलांचे फोटो आपल्या ग्रुपवर टाक, म्हणजे 'ड्राय' वाचून तू पुन्हा फसणार नाहीस.