आत्याच्या नवऱ्याला काय म्हणायचं? काका, मामा की आतोबा?

मामाची बायको मामी, काकाची बायको काकू, मावशीचा नवरा काका (कुठे कुठे मावसा), इथपर्यंत सगळं सरळ आहे. पण आत्याचे मिस्टर आले की घरोघरी वेगळाच शब्द. आमच्याकडे मामा म्हणतात, बायकोच्या माहेरी काका. आता पोरगा विचारतोय की आईचा भाऊ मामा ना, मग हे कसे काय मामा? काय सांगू त्याला?

– आमच्याकडे सांगली साईडला मामाच. मामाची पोरगी करायची पद्धत ना आपल्याकडे, म्हणजे पोरगी जाते आत्याच्या घरात, मग आत्या तीच सासू आणि आत्याचा नवरा सासरा. जुन्या बायका सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणायच्या, लग्न नात्याबाहेर झालं असलं तरी. मुलाचा सासरा तर सख्खा मामाच, तोच शब्द इकडेही चिकटला असणार असं मला वाटतं.

– बरोबर, पण हे एकाच बाजूने चालतं हां. मामाची मुलगी करतात, आत्याची करायला बऱ्याच घरांत अजून नाक मुरडतात. दक्षिणेत दोन्ही चालतात, उत्तरेत दोन्ही नाहीत. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी नातेसंबंधांवरच्या १९५३ च्या पुस्तकात महाराष्ट्राला मधल्या पट्ट्यात टाकलंय ते उगाच नाही.

– आतोबा कुणीच का नाही लिहिलं? अर्थात हाक मारताना मीही ऐकलेलं नाही, "हे आमचे आतोबा" असं ओळख करून देतानाच. पुण्यात काकाच, पण काका काय रिक्षावालाही असतो, त्यात नातं काय कळणार डोंबल.

– जरा अवांतर, भाचा-पुतण्याचीही अशीच गंमत आहे, एकच पोरगं काकाचा पुतण्या आणि आत्याचा भाचा, म्हणजे भावाच्या मुलाला काय म्हणायचं ते म्हणणारा पुरुष आहे की बाई त्यावर ठरतं. हिंदीवाल्या मैत्रिणीला हे समजावताना माझाच घोळ झाला, कारण तिच्याकडे दोघांचाही तो भतीजाच.

– आमची आजी आत्याला मावळण म्हणायची, जात्यावरच्या ओव्यांमध्ये पण आहे हा शब्द. नवीन लोकांना वाटतं मावशीचंच काहीतरी असेल, पण नाही, बापाची बहीण. आणि मावळणीचा नवरा? मामाच!

– चला, मामा फिक्स. बायकोला कोण सांगणार तेवढं बघा.