युझावातला स्वस्त फ्लॅट आणि स्कीचा धंदा – सल्ला हवाय

प्रेषक: समीर, निशी-कासाई

मंडळी, नमस्कार.

एचिगो-युझावा या स्कीच्या गावी स्टेशनपासून चालत जाण्याजोगा एक फ्लॅट ५ लाख येनला मिळतोय. इमारतीत ओन्सेन (गरम पाण्याचं कुंड), बाल्कनीतून थेट स्लोप दिसतो. विचार असा आहे की डिसेंबर ते मार्च भारतीय कुटुंबांसाठी शनिवार-रविवारची सहल काढायची. टोक्योहून आपल्याच व्हॅनने न्यायचं, आपल्याच फ्लॅटवर उतरवायचं, पोहे-वरणभात आपण करून घालायचे आणि ज्यांनी आयुष्यात बर्फ पाहिला नाही त्यांना मी स्की शिकवायचं. नोकरी चालूच ठेवणार.

परवानग्या कुठल्या? कर्ज कोण देतं? माहितीसाठी कुणाचं दार ठोठवायचं?

प्रेषक: वर्षा

समीर, फ्लॅटला अजून टोकन दिलं नसशील तर थांब. लॉजिंगचे अर्ज भरणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ५ लाखांचं कोडं. १९८२ला जोएत्सु शिंकानसेन आली, १९८५ला कान-एत्सु महामार्ग पूर्ण झाला आणि पाठोपाठ बबलचा, म्हणजे जमिनींचे भाव फुगले होते त्या तेजीचा पैसा. जेमतेम आठ हजार वस्तीच्या त्या गावात पन्नासहून जास्त रिसॉर्ट इमारती उभ्या राहिल्या. टोक्योकरांनी त्या घेतल्या, दोन-चार हिवाळे गेले, मुलं मोठी झाली, स्कीची हौस फिटली. आपल्याकडच्या लोणावळ्याच्या सेकंड होमसारखंच, फक्त इथे कुलूप लावलं तरी मीटर चालू राहतो. कानरिहि (सोसायटीचा मेंटेनन्स) आणि दुरुस्ती निधी मिळून महिन्याला २०-३० हजार येन सहज जातात, ओन्सेनमध्ये पाय ठेवा अगर ठेवू नका. वर मालमत्ता कर. विकणाऱ्याला ५ लाख मिळवायचे नाहीत, त्याला यातून सुटायचं आहे.

आणि त्याने कानरिहि थकवली असेल तर ती नव्या मालकाकडून वसूल करता येते, तसा इथला कायदाच आहे. सोसायटीकडून थकबाकीचा लेखी तपशील मागितल्याशिवाय कशावरही हांको (सहीचा शिक्का) उठवू नकोस.

आता पाहुणे ठेवायचं. जून २०१८पासून लागू असलेल्या मिनपाकु (राहतं घर पाहुण्यांना भाड्याने देण्याच्या) कायद्यात वर्षाला १८० दिवसांची मर्यादा आहे. तुझा हंगाम चार महिन्यांचा, त्यामुळे ती तुला आड येत नाही. आड येतील ते इमारतीचे नियम. सोसायटीच्या नियमावलीत मिनपाकुला बंदी असेल तर तिथेच विषय संपला, आणि रिसॉर्ट इमारतींत बंदी सर्रास असते. घरमालक तिथे राहत नसेल तर नोंदणीकृत व्यवस्थापक नेमावा लागतो, म्हणजे त्याची फी आली. मिनपाकुऐवजी पूर्ण लॉजिंग परवाना हवा तर होकेंजोत (आरोग्य कार्यालयात) जायचं आणि अग्निशमनवाल्यांची तपासणी करून घ्यायची. नियमावली मात्र तिथेही आडवी येतेच.

व्हॅनचा विचार तर सोडूनच दे. पैसे घेऊन माणसं न्यायची तर हिरवी नंबर प्लेट आणि दुसऱ्या वर्गाचं (टॅक्सी-बसवाल्यांचं) लायसन्स लागतं. पांढऱ्या प्लेटवर ने-आण केली तर ती ‘शिरोताकु’, म्हणजे बेकायदा टॅक्सी, आणि स्कीच्या गावांत पोलिसांचं त्यावर बारीक लक्ष असतं. जानेवारी २०१६मध्ये कारुइझावाजवळ स्की बस रस्त्याबाहेर कोसळून १५ जण गेले, बहुतेक कॉलेजची मुलं. त्यानंतर भाड्याच्या बसचे नियम फार कडक झाले. या बाबतीत इथे कुणी डोळेझाक करत नाही आणि करूही नये.

राहणं आणि प्रवास एकत्र विकलास की ट्रॅव्हल एजन्सीचा कायदा लागू होतो. स्वतःची नोंदणी, परीक्षा पास झालेला व्यवस्थापक आणि अनामत रक्कम. फक्त गाव आणि लगतच्या गावांपुरती मर्यादित नोंदणी त्यातल्या त्यात हलकी असते.

सगळ्यात आधी स्वतःचं झाइर्यू कार्ड (रहिवासी ओळखपत्र) बघ. एइजु (कायमचं वास्तव्य) असेल तर मोकळा आहेस. इंजिनिअरच्या व्हिसावर जोडधंदा करायचा तर इमिग्रेशनची वेगळी परवानगी हवी. आणि धंद्याचाच व्हिसा घ्यायचा म्हटलंस तर ऑक्टोबर २०२५पासून भांडवलाची अट ५० लाखांवरून ३ कोटी येनवर गेली आहे.

प्रेषक: नंदूकाका, योकोहामा

वर्षाने कायदा सांगितला, मी आभाळाचं सांगतो. सैबेरियाचा गार वारा जपानच्या समुद्रावरून येताना वाफ उचलतो आणि तानिगावाच्या डोंगरांना थडकून सगळा बर्फ युझावावर टाकतो. डोंगरातल्या रेल्वे बोगद्याच्या अलीकडे, टोक्योच्या बाजूला, कोरडं ऊन, पलीकडे माणूसभर बर्फ. पण वारा लहरी. २०१९-२०च्या हिवाळ्यात अनेक ठिकाणी जानेवारीत गवत दिसत होतं, आणि त्याच हिवाळ्याच्या शेवटी कोरोना आला. ज्यांच्या डोक्यावर हप्ते होते त्यांचे हाल झाले.

होक्काइदोच्या निसेकोकडे बघून भुलू नकोस. तिथे परदेशी पाहुणा बरेच दिवस मुक्काम करतो. तिथल्या कुच्चान गावाने २०१९मध्ये मुक्कामाच्या बिलावर २ टक्के करही बसवला, तरी गर्दी हटली नाही. युझावाचा पाहुणा सकाळी येऊन संध्याकाळी परत जातो. ‘गाला युझावा’ हे स्की मैदान तर स्टेशनातच आहे, टोक्योहून सव्वा तास. तुझ्याकडे तो रात्र का काढील, याचं उत्तर आधी शोध.

प्रेषक: प्राची

मी वीकेंडला स्नोबोर्ड शिकवते, म्हणून दोन गोष्टी.

शिकवून पैसे घ्यायचे असतील तर बहुतेक स्की मैदानांवर त्यांच्याच शाळेतून किंवा त्यांच्या परवानगीनेच घेता येतात. शाळेचं जॅकेट न घालता गिऱ्हाईक घेऊन उभा राहिलास तर स्की पॅट्रोलचा (मैदानावरच्या गस्तीचा) माणूस येऊन विचारतो. प्रमाणपत्र जपानच्या स्की संघटनेचं (एसएजे) असो की कॅनडाचं, इंग्रजी बोलणाऱ्या शिक्षकांची मागणी आहे. आधी एखाद्या शाळेत एक हंगाम काढ, धंदा तिथेच कळेल.

दुसरं म्हणजे आपल्या लोकांना नक्की काय हवं असतं? पहिल्यांदा आलेली कुटुंबं जास्तीत जास्त दोन तास टिकतात. मग बूट चावतात, मुलं रडतात, आजी घसरगाडीच्या मैदानावर सगळ्यात खूष असते. अख्ख्या दिवसाचा लिफ्ट पास त्यांच्या गळ्यात मारू नये. लोकरीचे हातमोजे घालून येतात आणि अर्ध्या तासात बोटं बधिर होतात. वॉटरप्रूफ हातमोजे आणि पँट आधीच सांगून ठेवणं ही सुद्धा सेवाच आहे, आणि ती फुकट दिली तर लोक परत येतात.

जेवण मात्र तुझा हुकमी एक्का. ‘शाकाहारी’ सांगूनही मिसो सूपमध्ये माशाची दाशी (अर्क) असतेच, आणि मिनशुकुचा (घरगुती लॉजचा) मालक बिचारा मनापासून गोंधळतो. मधल्या वारी बऱ्याच मिनशुकुंच्या खोल्या रिकाम्या असतात. त्यांचा परवाना, त्यांचं स्वयंपाकघर, तुझा मेनू. तिकिटं आणि बुकिंग एखाद्या नोंदणीकृत कंपनीच्या नावावर. यात तुला फ्लॅट लागत नाही, व्हॅन लागत नाही. फक्त शाळांना सुट्टी असलेले मधले वार शोधावे लागतील. नाताळ आणि मार्चअखेर सोडून ते फारसे नाहीत, हे आत्ताच सांगते.

प्रेषक: वर्षा

प्राचीला अनुमोदन. कर्जाचं राहिलं होतं: कोको, म्हणजे सरकारी वित्त महामंडळ, छोट्या धंद्यांना देतं, परदेशी लोकांनाही, पण व्हिसाची मुदत बघतं. त्याआधी युझावाच्या शोकोकाईत (गावच्या व्यापारी संघात) जाऊन बस. गावातल्या कुठल्या मिनशुकुला वारस नाही, कोण बंद करायच्या विचारात आहे, हे तिथे बसलं की कळतं. इंटरनेटवर ते नसतं.

प्रेषक: समीर

एजंटला आज ‘नको’ कळवलं. तो नाराज झाला नाही, लगेच दुसरा फ्लॅट दाखवला, ३ लाखांचा.

एइजु मला मागच्या वर्षी मिळालं आहे, त्यामुळे व्हिसाची अडचण नाही. पुढच्या महिन्यात एक दिवस रजा काढून शोकोकाईत जातो. माझं जपानी ऑफिसपुरतं आहे, गावातल्या आजोबांशी बोलताना अडखळतो. चांगलं जपानी बोलणारं कुणी सोबत येईल का? तिकीट माझ्याकडून, आणि दाशी नसलेलं जेवणही.