डेंटल असिस्टंटच्या विद्यार्थ्यांना दवाखान्यात प्रशिक्षणासाठी घ्यावे का?

प्रश्न
आमच्या दवाखान्यात दोन डेंटल चेअर आहेत आणि एक अनुभवी असिस्टंट आहेत. डेंटल असिस्टंटचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या एका संस्थेने आपले विद्यार्थी प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी आमच्याकडे पाठवण्याची तयारी दाखवली आहे. हे काम शेवटी चेअरजवळ उभे राहूनच शिकता येते, त्यामुळे होकार द्यावा असे मला मनापासून वाटते. मात्र रुग्णांची व विद्यार्थ्यांची सुरक्षितता कशी सांभाळावी आणि कोणती कामे केव्हा त्यांच्या हाती द्यावीत, याबाबत अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (दंतवैद्य)
सर्वप्रथम लसीकरणाची नोंद मागवा. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस साधारणपणे ०, १ आणि ६ महिन्यांनी दिले जातात, आणि संरक्षण मिळाले की नाही याची रक्तचाचणी शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी होते; म्हणजे प्रशिक्षणाच्या तोंडावर पहिला डोस घेतलेला विद्यार्थी वापरलेल्या सुया हाताळण्यास तयार नसतो. बाधित रुग्णाची सुई टोचल्यास लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के मानली जाते, तर एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के आहे.

सुई टोचलीच, तर जखम साबण-पाण्याने धुऊन त्याच क्षणी सांगायचे, हे पहिल्या दिवशीच बजावावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. नवखे विद्यार्थी रागावणे ऐकावे लागेल या भीतीने अशी घटना लपवतात, म्हणून सांगणाऱ्याला कोणीही बोल लावणार नाही, हे डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडाने सांगावे.

उत्तर २ (असिस्टंट)
डॉक्टर, होकार कळवण्यापूर्वी आपल्या असिस्टंटशी बोला, कारण शिकवण्याचे बहुतेक काम त्यांच्याच वाट्याला येणार आहे. विद्यार्थी असतील त्या दिवशी अपॉइंटमेंट थोड्या कमी ठेवल्या नाहीत, तर घाईत ना रुग्णाकडे नीट लक्ष राहते, ना शिकवण्याकडे.

मी सुरुवात निर्जंतुकीकरणाच्या खोलीपासून करते. वापरलेली अवजारे धुताना तपासणीचे पातळ हातमोजे चालत नाहीत, जाड रबरी हातमोजेच घालावे लागतात. आणि ऑटोक्लेव्हमधून (दाबाखालील वाफेने अवजारे निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) निघालेले पाकीट ओलसर असेल, तर ते निर्जंतुक धरता येत नाही, कारण ओल्या कागदातून जंतू आत शिरू शकतात. ही कारणे समजलेला विद्यार्थी कोणी पाहत नसतानाही नियम पाळतो.

त्यानंतर चेअरजवळ काही दिवस त्यांनी केवळ पाहावे. दंतवैद्य उजव्या हाताने काम करणारे असतील, तर रुग्णाचे डोके घड्याळाच्या मध्यभागी धरून असिस्टंटची जागा २ ते ४ वाजण्याच्या दिशेला येते, आणि अवजारांची देवाणघेवाण रुग्णाच्या छातीवरून, ४ ते ७ च्या पट्ट्यात होते, चेहऱ्यावरून कधीच नाही. असिस्टंटचे स्टूल दंतवैद्यांच्या स्टुलापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर उंच लागते, नाहीतर तोंडातले काही दिसतच नाही. सक्शनची, म्हणजे तोंडातले पाणी व लाळ ओढून घेणारी नळी हँडपीसच्या (दात कोरण्याच्या उपकरणाच्या) आधी जागेवर पोचली पाहिजे आणि तिचे तिरपे टोक दाताच्या पृष्ठभागाला समांतर राहिले पाहिजे. मऊ टाळूला ती लागली की रुग्णाला उमासा येतो, म्हणून मी आधी रिकाम्या चेअरवर विद्यार्थ्यालाच रुग्ण म्हणून झोपवते आणि नळी कुठवर न्यायची, ते त्याच्याच तोंडात दाखवते.

उत्तर ३ (प्रशिक्षक)
वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. रुग्णाची परवानगी विद्यार्थी खोलीत येण्यापूर्वी घ्यावी, कारण तो समोर उभा असताना नकार देणे अनेकांना अवघड जाते. एक्स-रे काढताना फिल्म किंवा सेन्सर रुग्णाच्या तोंडात विद्यार्थ्याने स्वतःच्या बोटांनी धरून ठेवू नये.

संस्थेशी लेखी करार करताना दुखापतीचा विमा कोणाकडे आणि विद्यार्थ्याने कोणती कामे करायची नाहीत, एवढे तरी स्पष्ट लिहून घ्यावे. मोकळा दिसला म्हणून त्याला दिवसभर स्वागतकक्षात फोन घ्यायला बसवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मूल्यमापनाच्या तक्त्यावर सही करताना, जे कौशल्य आपण किंवा आपल्या असिस्टंटने प्रत्यक्ष पाहिले आहे त्यापुढेच करावी. उरलेले रकाने कोरे राहिले तर संस्थेला नेमके काय शिकवायचे राहिले, ते त्यावरून कळते.