वावरात, रानात, तळ्याच्या पाळीवर काही सुचलंय का? तुमचे अनुभव सांगा

पळसफूल (यवतमाळ जिल्हा)

मंडळी, निसर्ग सुंदर आहे हे आपण सगळेच म्हणतो, मला तेवढंच नकोय. काहीतरी दिसलं आणि त्यातून तुमच्या हातून काही झालं, गाणं, चित्र, वाकळ, नाटुकली, लाकडाचा बैल, काहीही, तर ते लिहा. नेमकं काय दिसलं आणि मग तुम्ही काय केलं. आपल्या गावाकडचं लिहिलं तर फारच छान.

सुरुवात मी करते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चौथीच्या पोरांना झाड काढा म्हटलं की दरवर्षी तेच, तपकिरी खोड आणि वर हिरवा गोळा. एकदा फाल्गुनात पुस्तकं मिटली आणि सगळ्यांना शाळेमागच्या पडीक वावरात नेलं, तिथे सात-आठ पळस आहेत, झाडावर पान नाही, नुसती फुलं. एका पोरीने खाली पडलेलं फूल उचललं आणि म्हणाली, बाई, याची टोपी काळी आहे, मखमलीची. मी जन्मापासून पळस बघतेय पण ती काळी टोपी माझ्या डोळ्यांत कधी भरली नव्हती. त्या दिवशी पोरांनी खडूंच्या आधी चुलीतला कोळसा मागितला. आधी काळ्या वेड्यावाकड्या फांद्या, मग फुलं उकळून काढलेला केशरी रंग, तोही बोटांनी. एकाही कागदावर हिरवा रंग नव्हता! ती चित्रं अजून वर्गात लावलेली आहेत.

काळी माती (अकोला जिल्हा)

ताई, माह्या मायचं लिवतो. माय वाकय शिवते. पऱ्हाटीचं, म्हंजे कपाशीचं, फूल पहिल्या दिवशी पांढरं-पिवळसर असते अन् दुसऱ्या दिवशी तेच गुलाबी होते, हे तिले कोनी सांगितलं नाही, निंदता निंदता दिसलं. म्हनून एकाच झाडावर आजचं अन् कालचं फूल संगंच दिसते. तिनं गावातल्या टेलरकडून दोनच रंगाचे तुकडे मांगून आनले, अन् पांढऱ्या ठिगळाच्या बाजूले त्याच मापाचं गुलाबी, अशी पूर्ण वाकय जोडली. पाहुनी बाई म्हने डिझाईन लय छान हाये. माय म्हने, डिझाईन नोहे बाई, ते दोन दिवस हायेत.

पायवाट (मेळघाट)

मी वनरक्षक आहे. मेळघाट म्हणजे देशातल्या अगदी पहिल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, १९७३-७४ सालचा, पण वाघ रोज दिसतो असं कोणाला वाटत असेल तर तसं नाही. रोज दिसतो तो साग. पावसाळा सरता सरता सागाच्या पानांवर अळ्या पडतात, पानातलं हिरवं सगळं खाऊन टाकतात आणि शिरांची जाळी तेवढी ठेवतात. आमच्या भाषेत ते नुकसानच. पण एकदा गस्तीवर चढ चढून दमलो, बसलो, आणि एक पान उन्हासमोर धरलं तर त्यात मोठ्या वाटा, त्यांना फुटलेल्या पाऊलवाटा, त्यांच्या मधे बारीक बारीक घरं. आमच्या बीटचा, म्हणजे गस्तीच्या हद्दीचा, नकाशाच जणू. त्या दिवसापासून गस्तीच्या वहीत मागच्या बाजूने एकेका पानाच्या शिरा काढत गेलो. दोन वह्या भरल्या. चित्रकला मी सातवीनंतर सोडली होती.

नोकरीत लागलो तेव्हा एका वरिष्ठांनी मारुती चितमपल्लींबद्दल सांगितलं होतं. वनाधिकारी माणूस, रानात राहून बघत राहिला, आदिवासींना विचारत राहिला आणि मराठीला काकागार (कावळ्यांची वसाहत), सारंगागार (बगळ्यांची वसाहत) असे शब्द देऊन गेला. मी काही लेखक नाही. पण आता सोबतच्या कोरकू वनमजुराला प्रत्येक झाडाचं त्यांच्यातलं नाव विचारतो आणि चित्राखाली तेही लिहितो.

पडदेवाला (वडशाजवळ, गडचिरोली)

माझं जरा लांब होईल.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर, धान निघालं की नाटकांचा सीझन सुरू होतो. वडसा म्हणजे देसाईगंज, तिथे नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. नाटक रात्री उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं, लोक चादरी-घोंगड्या घेऊन येतात. मी पडदे रंगवतो, वडिलांकडून शिकलो. जंगलाचा सीन म्हटला की कॅलेंडरवरचं जंगल काढायचं, मधे धबधबा, मागे बर्फाचे डोंगर, डाव्या कोपऱ्यात हरिण. बर्फ मी आजवर बघितलेला नाही आणि धानाची बांधी (भातखाचर) मी आजवर पडद्यावर काढली नव्हती.

एका डिसेंबरात नाटक सुटल्यावर परत येताना आमचा मेटॅडोर बंद पडला. पहाटेचे साडेपाच वगैरे, मी जवळच्या मामा तलावाच्या पाळीवर जाऊन बसलो (बाहेरच्यांसाठी सांगतो, मामा म्हणजे माजी मालगुजारी, मालगुजार म्हणजे गावचे जमीनदार, त्या काळातले जुने तलाव आमच्याकडे गावोगावी आहेत). धुकं होतं. पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं, मधे रेघच नाही. एक डोंगा दिसत होता, तो पाण्यावर आहे की हवेत लटकलाय कळत नव्हतं. मग त्यातल्या ढिवर दादांनी जाळं फेकलं, गोल गोल लाटा उठल्या आणि तेवढ्याच जागेत पाणी दिसायला लागलं, लाटा विरल्या की पुन्हा नाहीसं.

आता पडदा करताना माझं पहिलं काम काय, तर दोरी खडूत भिजवून ताणायची आणि आभाळ-जमिनीची रेघ मारून घ्यायची. वडिलांनी पहिल्या दिवशी तेच शिकवलं होतं. आणि इथे माझ्यासमोर पूर्ण देखावा रेघेशिवाय उभा होता. मेटॅडोर सुरू झाला तेव्हा पोरं हाका मारत होती, मला उठवेना.

घरी येऊन एक जुना पडदा पांढरा करून घेतला. पांढऱ्यात थोडी नीळ, अगदी चिमूटभर गेरू, ब्रश नाही, ओल्या फडक्याने दाबत दाबत. दोरी नाही ताणली. डोंगा एक, आणि लाटांची पाच-सहा वळणं. निर्माता बघून म्हणाला, रंग संपला होता काय? मी म्हटलं एका प्रयोगाला लावून बघू. तिसऱ्या अंकात नदीकाठचा सीन होता, पडदा सुटला, खालून निळा लाईट पडला आणि पब्लिक एकदम गप झालं, शिट्टी नाही, काही नाही. मी विंगेत उभा, घाबरलो. नाटक सुटल्यावर एक म्हातारे बाबा मागे आले, पडद्याला हात लावून बघितला आणि विचारलं, हा आमच्या गावचा तलाव होय ना? नव्हता, पण मी हो म्हणालो.

पळसफूल

दादा, तो पडदा कुठे असेल तर फोटो टाका ना. रेघ न मारण्याची गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

कोरडवाहू (यवतमाळ जिल्हा)

सगळं वाचलं, मनापासून आवडलं, पण मला दुसरी बाजू लिहावीशी वाटते. मी कविता करायचो. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने आमच्याकडची पऱ्हाटी खाल्ली, बोंडं फोडली की आत अळी आणि डागाळलेली सरकी. त्या वर्षी थंडी फार सुरेख पडली होती, सकाळी तुरीवर पिवळी फुलं, कोळ्यांच्या जाळ्यांवर दव, आणि मला ते बघवत नव्हतं, राग यायचा. दोन वर्षं एक ओळ लिहिली नाही. म्हणून जेव्हा कोणी म्हणतं की रानात गेलं की सुचतंच, तेव्हा मला वाटतं की घरात ज्वारी असेल तेव्हाच आभाळाकडे नीट बघता येतं.

सुचलं ते असं. त्याच वावरात नंतरच्या एका हिवाळ्यात पऱ्हाट्या उपटत होतो आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बोरीत एक जुनं रिकामं घरटं सापडलं, वाटीएवढं. आत आमचाच कापूस अंथरलेला, नीट दाबून, गोल. व्यापाऱ्याने ज्याला भाव दिला नव्हता तो. मी धुऱ्यावर बसून चार ओळी लिहिल्या, बिलाच्या पाठीमागे. सुंदर वाटलं म्हणून नाही लिहिल्या. कोणाच्या तरी कामी आला एवढंच डोक्यात होतं.

काळी माती

भाऊ, आमच्या घरीही तेच साल. मायनं त्या वर्षी सुई हातात घेतली नाही. तुमच्या चार ओळी इथं टाका.

कोरडवाहू

त्या घरातल्यांसाठी आहेत भाऊ, राहू द्या.

नंदीवाला (वर्धा)

आमचं थोडक्यात. तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोरांच्या पोळ्यासाठी, लाकडाचे नंदी कोरतो. सगळे मान ताठ ठेवतात, मीही ठेवायचो. एकदा डवरणीच्या (पिकातल्या कोळपणीच्या) वेळी भावाची जोडी बघत होतो, ओल्या काळ्या मातीत बैल मान खाली घालून, एक खांदा पुढे काढून चालतो आणि वशिंड एका अंगाला कलतं. तसा एक कोरला. बाजारात तोच शेवटपर्यंत उरला, कारण पोरांना ताठ मानेचा हवा असतो. विकलाही नाही मग, देवघराशेजारी ठेवलाय.

खारं पाणी (लोणार, बुलढाणा)

लहानपणापासून सरोवर बघतोय, उल्कापातानं झालेलं आहे हे पाहुण्यांना सांगून सांगून पाठ झालेलं, स्वतःला त्याचं काहीच वाटत नव्हतं. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं आणि मी पहिल्यांदा काठावर तासभर उभा राहिलो. पाणी आटून खारटपणा वाढला की मीठ आवडणारे सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांच्यामुळे रंग येतो, हे नंतर तपासणीत निघालं. मला तर कारण कळल्यावर ते जास्त सुंदर वाटायला लागलं. शाळा उघडल्यावर पोरांची नाटुकली बसवली, त्यात पंधरा पोरं सूक्ष्मजीव, आयांच्या गुलाबी ओढण्या घेऊन, आणि एक पोरगी ऊन. ऊन पुढे सरकलं की ओढण्या उघडायच्या.

आजीचा नातू (भंडारा जिल्हा)

माझं काही नाही, आजीचं आहे. आजी अजून रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, जाते, नको म्हटलं तरी. बायका बांधीत वाकून उभ्या असतात, दिवसभर मान खाली, तर आभाळ बघायचं कधी? आजी म्हणते, बांधीतल्या पाण्यातच दिसते ना आभाळ. मागच्या आषाढात रोवता रोवता तिने हे जोडलं आणि मागच्या बायकांनी उचललं, मी धुऱ्यावर पऱ्ह्यांच्या (धानाच्या रोपांच्या) पेंड्या टाकत होतो म्हणून ऐकलं:

चिखलात पाय माझा, पाण्यामंदी ढग चाले,
ढगाच्या पोटामंदी माझा पऱ्हा उभा हाले.

पळसफूल

अरे, चाल कशी आहे? आजींच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठव ना, मला शाळेत पोरांना शिकवायचंय.

आजीचा नातू

पाठवतो ताई. आज सकाळपासून पाऊस आहे, आजी बांधीतच आहे, दुपारी डबा घेऊन जाईन तेव्हा मोबाईल नेतो.