मदत हवी आहे: जुन्या रील मॉवरला कोणतं इंजिन बसवावं?

नमस्कार मंडळी,

घरामागे साधारण २५० चौरस मीटर हिरवळ आहे, सगळी हरळीची. चार वर्षं रोटरी मॉवरने कापतेय, उंची ४० मिमीच्या आसपास. कापल्या दिवशी छान दिसते, पण दोन दिवसांत वरून पांढुरकी झाक येते. परवा खाली बसून एकेक पान निरखून पाहिलं. शेंडा कापलेला नव्हताच, फाटलेला होता. सुईत ओवताना दोऱ्याचं टोक पिंजतं तसा. पात्याला धार लावली की आठवडाभर बरं जातं आणि मग पुन्हा तेच. माझी आई रोज सकाळी या हिरवळीवर अनवाणी चालते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिने पहिली पावलं इथेच टाकली. त्यामुळे ही जागा नीट राखायची, हे मी मनावर घेतलंय.

मागच्या महिन्यात ओळखीच्यांकडे एक जुना रील मॉवर (आडव्या फिरत्या रीलवर पाती बसवलेलं गवत कापायचं मशीन) पडून असल्याचं कळलं आणि मी तो घरी आणला. कापायची रुंदी ५० सेमी, रीलला सात पाती, पुढे रोलर, मागे लोखंडी ड्रम. रील हाताने फिरवलं तर बेअरिंग शांत आहेत. पाती गंजलेली असली तरी वाकलेली नाहीत. इंजिन मात्र पूर्ण जाम. गॅरेजमध्ये उघडलं तेव्हा सिलिंडरला खोल चरे निघाले, म्हणून ते काढूनच ठेवलं.

नवं इंजिन घ्यायला गेले, तर दुकानदाराने ‘लॉन मॉवरचंच आहे’ म्हणून एक हातात दिलं. घरी येऊन पाहते तो शाफ्ट खालच्या बाजूला! माझ्या मशीनची पुली उभी, म्हणजे शाफ्ट आडवा हवा. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. दुसऱ्यांदा अशी चूक करायची नाही, म्हणून इथे विचारतेय.

१२० सीसीच्या वर्गातलं इंजिन पुरेल, की १६० सीसी घेऊ? गॅरेजवाले म्हणतात, मोठंच घ्या, कापणी चांगली होईल. दुसरं म्हणजे, सात पाती पुरेशी आहेत का? सगळीकडे दहा पात्यांच्या रीलचं कौतुक वाचते. हे धूड सोडून सरळ दहा पात्यांचं नवं मशीन घ्यावं का? मला गोल्फच्या ग्रीनसारखं काही नको. २० ते २२ मिमीवर दाट, मऊ हिरवळ राहिली तरी भरून पावले.

प्रतिसाद १

ताई, मी बरीच वर्षं एका क्रीडांगणाची हिरवळ सांभाळतोय आणि रील मॉवर रोज हाताळतो. इंजिनाचं नंतर बोलू, आधी पात्यांचं. तुमचा खरा निर्णय तिथेच आहे.

रोटरीचं पातं गवताला झोडपून तोडतं. रील कात्रीसारखं चालतं: फिरणारं पातं गवत ओढून खालच्या स्थिर पात्यावर, म्हणजे बेडनाईफवर आणतं आणि दोघांच्या मध्ये ते कापलं जातं. एडविन बडिंग या इंग्रज माणसाने १८३० मध्ये याचं पेटंट घेतलं. लोकरी कापडावरची लव कातरणारं गिरणीतलं यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली. दोनशे वर्षं होत आली, तत्त्व तेच आहे. तुम्हाला हवा तो स्वच्छ काप इथून मिळतो. इंजिनाचं काम फक्त रील आणि ड्रम फिरवत ठेवण्याचं.

आता क्लिप समजून घ्या. एक पातं कापून गेल्यावर दुसरं येईपर्यंत मशीन जेवढं पुढे सरकतं, ती क्लिप. ती कापायच्या उंचीपेक्षा जास्त झाली की हिरवळीवर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा दिसतात. म्हणून ८–१० मिमीवर कापणाऱ्यांना दहा-अकरा पाती लागतात. पण तीच दहा पाती २५ मिमीच्या दाट गवतात घातली, तर दोन पात्यांमधल्या अरुंद फटीत गवत नीट शिरतच नाही, पुढे ढकललं जातं. इंजिनावर ताण येतो तो वेगळाच.

तुमचं इंजिन काढलेलंच आहे, त्यामुळे मोजणं सोपं. जाड हातमोजे घाला, दोन्ही क्लच लावा, ड्रमवर आणि रीलवर खडूची खूण करा आणि इनपुटची पुली हाताने फिरवा. रील फिरत असताना बोटं त्याच्या आसपास न्यायची नाहीत. हाताने फिरणारं रीलही बोट तोडू शकतं. ड्रमची एक फेरी होते तेव्हा रीलच्या किती होतात, पुलीच्या किती होतात, आणि ड्रमचा व्यास किती, एवढं इथे लिहा.

धागाकर्ती

दादा, इतकं समजावून कोणीच सांगितलं नव्हतं. आज सकाळीच मोजलं. पुली फिरवायला आई बसली, मी खुणा पाहत होते.

ड्रमचा व्यास २० सेमी. ड्रमची एक फेरी म्हणजे रीलच्या बरोबर ९. पुलीच्या २७ झाल्या. खात्रीसाठी तीनदा मोजलं.

प्रतिसाद १

उत्तम. आता हिशेब करू. २० सेमी व्यासाचा ड्रम एका फेरीत साधारण ६२८ मिमी पुढे जातो. तेवढ्यात रीलच्या ९ फेऱ्या, प्रत्येक फेरीत ७ पाती, म्हणजे ६३ काप. ६२८ भागिले ६३, जवळपास १० मिमी. ही तुमची क्लिप. २० मिमीवर कापायचंय म्हटल्यावर ही अगदी आरामात बसते. १२ मिमीपर्यंत उतरलात तरी लाटा दिसायचं कारण नाही. दहा पात्यांच्या मशीनची तुम्हाला गरज नाही. पुढे कधी ८ मिमीचा ध्यास लागलाच, तर तेव्हा पाहू.

यातून आणखी एक गोष्ट निघते आणि तीच तुमच्या इंजिनाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. रील आणि ड्रम दोन्ही एकाच इंजिनावर, ठरलेल्या गिअरने फिरतात. इंजिन जोरात फिरलं तर रीलही जोरात आणि ड्रमही जोरात. क्लिप १० मिमीच राहते. मोठ्या इंजिनाने काप सुधारेल, हे म्हणणं इथेच निकालात निघतं.

वेगही काढून टाकू. पुलीच्या २७ फेऱ्या आणि रीलच्या ९, म्हणजे तिनास एक. पुली थेट इंजिनाच्या शाफ्टवर असेल तर ३६०० आरपीएमला रील १२०० ने फिरेल आणि मशीन ताशी ५ किमीने पळेल. घराच्या हिरवळीवर वळणं घेत तेवढं चालणं दमवणारं आहे. २९०० च्या आसपास ठेवलंत तर वेग ताशी ४ किमी, रमत चालण्याचा. म्हणजे पूर्ण थ्रॉटल लागणारच नाही.

होंडाच्या जीएक्स मालिकेचं उदाहरण घेतो, कारण आकडे पाठ आहेत. जीएक्स१२० हे ११८ सीसी, ३६०० आरपीएमला ३.५ एचपी. जीएक्स१६० हे १६३ सीसी, ४.८ एचपी. ५० सेमीच्या, सात पात्यांच्या, नीट जुळवलेल्या रीलला पहिलं पुरतं. मोठं इंजिन दोनेक किलो जड असतं. ते वजन प्रत्येक वळणावर तुम्हालाच उचलायचंय आणि ओलसर जमिनीत ड्रम तेवढा जास्त रुतणार. दुसऱ्या कंपनीचं घेतलंत तरी चालेल, पण वर्ग हाच ठेवा.

एक अट मात्र आहे: रील सैल फिरायला हवं. अनेक जण बेडनाईफ रीलवर घट्ट आवळून ठेवतात. मग तेच रील इंजिनाचा जीव खातं आणि लोक म्हणतात, इंजिन कमी पडतंय.

प्रतिसाद २

मध्येच विचारतो. जागा २५० चौ. मी. एवढीच असेल तर बॅटरीवर चालणारा रील मॉवर का नको? तेल नाही, पेट्रोल नाही, आवाज कमी. माझ्याकडे आहे, मी समाधानी आहे.

प्रतिसाद १

नवीन घेणाऱ्याला मीही आधी तेच सुचवेन. ५० सेमीच्या मशीनने, थोडा ओव्हरलॅप धरून, साडेपाचशे-सहाशे मीटर चालणं होतं. ताशी ४ किमीने आठ-नऊ मिनिटं, वळणांसकट पंधरा-वीस. बॅटरीला हे काहीच अवघड नाही. पण ताईंच्या हातात चांगल्या बेअरिंगचं रील आणि सरळ ड्रम आलाय. असा सांगाडा मोडीत घालवू नये, असं माझं ठाम मत आहे.

धागाकर्ती

बॅटरीचा विचार मीही केला होता, पण मशीनचं लोखंड पाहिल्यावर सोडवेना. १२० सीसीचंच घेते. घेताना काय काय तपासू, ते सांगाल का? आधीचा अनुभव आठवला की धास्ती वाटते.

प्रतिसाद १

जुनं इंजिन टाकू नका, तेच तुमचं माप आहे. दुकानात सोबत घेऊन जा.

शाफ्ट आडवा, हे तर आता तुम्हीच शिकवाल. शाफ्टचा व्यास व्हर्नियरने मोजा. १९.०५ मिमी म्हणजे पाऊण इंच, आणि त्याच्या शेजारीच १८ आणि २० मिमीचे शाफ्टही मिळतात. डोळ्यांना फरक कळत नाही, पुलीला मात्र कळतो. शाफ्टची लांबी आणि चावीच्या, म्हणजे पुलीला शाफ्टवर अडकवून धरणाऱ्या लोखंडी पट्टीच्या, खाचेची रुंदीही जुळवा. बैठकीच्या चार बोल्टांमधली अंतरं कागदावर छापून घ्या: जुन्या इंजिनाचा तळ कागदावर ठेवून पेन्सिलने भोकं गिरवली की झालं.

फिरण्याची दिशा सगळ्यात महत्त्वाची. बहुतेक लहान आडव्या शाफ्टची इंजिनं शाफ्टच्या टोकाकडून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतात. तुमच्या मशीनला तीच दिशा हवी आहे ना, ते पुली हाताने फिरवून बघा: मशीन पुढे जायला हवं आणि रीलच्या पात्यांनी गवत बेडनाईफकडे आणायला हवं. आणखी एक, काही मॉडेलांना आतच रिडक्शन असतं, शाफ्टचा वेग निम्मा होतो. ते चुकून घेतलंत तर मशीन गोगलगायीसारखं चालेल.

नव्या इंजिनात बहुधा तेल भरलेलं नसतं, आधी ते भरा. १०डब्ल्यू-३० चालतं, साधारण अर्धा लिटरहून थोडं जास्त मावतं. मशीन सपाट ठेवून डिपस्टिकवर पाहा. पहिलं तेल २० तासांनी किंवा महिन्याने बदला, हे टाळू नका. महिनाभराहून जास्त उभं ठेवणार असाल तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढून टाका.

आता रील. गंज काढा, मग लॅपिंग करा, म्हणजे पेस्टने घासून धार जुळवा. व्हॉल्व्ह घासायची जाडसर पेस्ट ब्रशने पात्यांना लावायची आणि रील उलट्या दिशेने फिरवायचं, बेडनाईफ हलकेच टेकवून. ब्रश लांब दांड्याचा घ्या. पेस्ट धुऊन टाकल्यावर वर्तमानपत्राची पट्टी बेडनाईफवर धरून रील हळूच सुलट फिरवा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दर चार बोटांवर, प्रत्येक पात्याने कागद कापला पाहिजे. एखाद्या जागी कागद नुसता दुमडला तर तिथे गवतही दुमडणार. घट्ट आवळून कागद कापवून घ्यायचा मोह आवरा. जेमतेम स्पर्श असावा, फिरताना नुसती कुजबुज ऐकू यावी. पात्यांना खोल खाचा असतील तर मात्र लॅपिंगने भागणार नाही, ग्राइंडिंगच करून घ्यावं लागेल.

कापण्यापूर्वी दरवेळी हिरवळीवरून एक फेरी मारून खडे वेचा. बेडनाईफला एक खाच पडली की तिच्या मागोमाग न कापलेल्या गवताची बारीक रेघ शेवटपर्यंत उभी राहते. आमच्या मैदानावर एका स्क्रूने हे केलं होतं. ती रेघ पाहून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

धागाकर्ती

हे सगळं वहीत उतरवून घेतलंय. एक शेवटची शंका: ४० मिमीवरून थेट २० वर आणू का?

प्रतिसाद १

एकदम नको. एका कापणीत पानाच्या एक तृतीयांशाहून जास्त घ्यायचं नाही. ४० च्या गवतात वरचा भागच हिरवा असतो, खाली नुसत्या पिवळट काड्या. थेट उतरवलंत तर सगळं तपकिरी दिसेल आणि आईंच्या पायाला टोचेल. हरळी जोमात वाढत असताना रोटरीनेच टप्प्याटप्प्याने ३० पर्यंत आणा, रील त्यापुढे घाला. लांब गवत आणि तुरे रीलखाली नुसते वाकतात, कापले जात नाहीत. २० वर पोहोचलात की ३० व्हायच्या आत कापावंच लागेल. वाढीच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा. तेवढा वेळ देणार नसाल तर २५ वर थांबा.

आणि जिथे जमीन उंचसखल असेल, तिथे ड्रम खड्ड्यात आणि बेडनाईफ उंचवट्यावर, असं होऊन टक्कल पडेल. तिथे चाळलेली वाळू पातळ थरात पसरा, गवताचे शेंडे वर दिसत राहतील इतकीच. महिन्याभराने पुन्हा.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनंतर)

इंजिन बसलं. १२० सीसीचं, शाफ्ट पाऊण इंची, जुनी पुली जशीच्या तशी चढली. बैठकीचं एक भोक मिलिमीटरभर सरकलेलं होतं, ते कानशीने लांबवलं. लॅपिंगला पूर्ण दुपार गेली. उजव्या टोकाला कागद दुमडत होता. तिकडचा स्क्रू पाव फेरी फिरवल्यावर कापला.

काल २८ मिमीवर पहिली कापणी केली. थ्रॉटल निम्म्याहून थोडा वर, इंजिनाने कुठेही दम टाकला नाही. आज सकाळी पुन्हा खाली बसून पानं पाहिली. शेंडे सरळ कापलेले आहेत, पांढरी झाक कुठेच नाही. कुंपणाजवळ दोन ठिकाणी टक्कल पडलंय, तिथे वाळू टाकणार आहे. ज्यांच्याकडे झाडांच्या मुळांमुळे जमीन उचलली गेली आहे, त्यांनी तिथे काय केलं? वाळूने भागेल, की तो कोपरा रोटरीलाच सोडून द्यावा?