गाडीच्या रंगावरील बारीक ओरखडे: धुणे, पॉलिश आणि संरक्षण घरच्या घरी कसे शिकावे?

प्रश्न – निळीहॅचबॅक

नमस्कार. मी काही वर्षे वापरलेली, गडद निळ्या रंगाची गाडी नुकतीच विकत घेतली आहे. सावलीत ती चांगली दिसते; मात्र उन्हात किंवा रात्री दिव्याखाली उभी केली, की बोनेटवर आणि दारांवर प्रकाशाभोवती गोल फिरलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे असंख्य बारीक ओरखडे दिसतात. धुऊन झाल्यावर हात फिरवला, तरी पृष्ठभाग किंचित खरखरीत लागतो. हे काम दुसऱ्याकडे न सोपवता स्वतः शिकून घ्यावे, अशी माझी इच्छा आहे. छपराखाली गाडी उभी करण्याची जागा आहे आणि पाण्याचा नळ आहे. केवळ मेण लावून हे ओरखडे जातील का, की पॉलिशचे यंत्र घ्यावेच लागेल? आणि सिरॅमिक कोटिंग (रंगावर लावल्यावर घट्ट होणारा द्रव संरक्षक लेप) केल्यास पुन्हा ओरखडे पडत नाहीत, असे जे सांगितले जाते, त्यात कितपत तथ्य आहे?

उत्तर – संथधारा

यंत्राचा विचार करण्यापूर्वी ओरखडे नेमके कशात पडले आहेत, हे समजून घेणे आवश्यक आहे. आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर), त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट अशी रचना असते. हे सगळे थर मिळून साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात आणि त्यांपैकी क्लिअर कोट बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचाच असतो. तुम्हाला दिसणारे ओरखडे याच पारदर्शक थरात आहेत. (ते प्रत्यक्षात गोल नसतात. ते सर्व दिशांना पसरलेले असतात. परंतु त्यांपैकी जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळे दिसतात.) पॉलिश हे ओरखडे भरून काढत नाही, ओरखड्याच्या भोवतालचा क्लिअर कोट घासून तो ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणते. ऊन्हातील अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षण करणारी द्रव्येही याच थरात असल्याने तो वारंवार घासणे परवडत नाही. म्हणूनच माझा आग्रह असा, की आधी धुणे शिकावे आणि पॉलिश नंतर. धुण्याची पद्धत तीच राहिली, तर पॉलिश केलेल्या बोनेटवर काही आठवड्यांतच तसेच ओरखडे पुन्हा दिसू लागतील.

ओरखडे पडण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे कोरडी धूळ फडक्याने पुसणे. धुळीत वाळूचे कण असतात आणि फडके ते कण रंगावरून ओढत नेते. ही सवय पहिल्या दिवसापासून बंद करावी. गाडी सावलीत, पत्रा थंड असताना धुवावी, कारण तापलेल्या पत्र्यावर शाम्पू वाळतो आणि जड पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार डाग बनून राहतात. चाके आधी, वेगळ्या बादलीने आणि वेगळ्या ब्रशने स्वच्छ करावीत. ब्रेकची धूळ रंगापर्यंत पोहोचता कामा नये. त्यानंतर संपूर्ण गाडीवर भरपूर पाणी मारावे आणि शक्य असल्यास फेसाचा थर देऊन तो वाळण्यापूर्वी धुऊन टाकावा. जेवढी घाण हात न लावता निघून जाईल, तेवढे रंगाचे आयुष्य वाढते.

मग दोन बादल्या घ्याव्यात: एकीत गाडीसाठी बनवलेला, सामू उदासीन असलेला शाम्पू मिसळलेले पाणी आणि दुसरीत केवळ स्वच्छ पाणी. दोन्हींच्या तळाशी जाळी असल्यास खाली बसलेली माती पुन्हा वर येत नाही. मऊ मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून टपापासून खाली, सरळ रेषांत, मोज्याच्या स्वतःच्या वजनाइतक्याच दाबाने फिरवावा. प्रत्येक भाग झाला, की मोजा स्वच्छ पाण्यात खळबळून मगच पुन्हा शाम्पूत बुडवावा. दारांचा खालचा भाग आणि बंपर सर्वांत शेवटी घ्यावेत, कारण तेथे वाळू सर्वाधिक असते. भांडी घासण्याचा साबण नियमित धुण्यासाठी वापरू नये. तो मेणाचा संरक्षक थर कमकुवत करतो. पुसण्यासाठी मोठा, दाट मायक्रोफायबर टॉवेल गाडीवर पसरून पाणी टिपून घ्यावे, घासू नये. हे टॉवेल धुताना कपडे मऊ करणारे द्रव्य वापरू नये, कारण त्याचा लेप तंतूंवर बसतो आणि टॉवेलची पाणी शोषण्याची क्षमता कमी होते.

उत्तर – तिसरापॅड

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. खरखरीतपणाबद्दल आणि पॉलिशबद्दल पुढचे लिहितो.

धुतल्यानंतरही हाताला लागणारे कण रंगात रुतलेले असतात: ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे सूक्ष्म तुकडे, डांबराचे थेंब, झाडांचा चीक. बोटांवर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवून हात फिरवला, तर ते अधिक स्पष्ट जाणवतात. लोखंडासाठी मिळणारा द्रव फवारला, की लोहकणांशी क्रिया होऊन तो जांभळा होतो. तो वाळण्याच्या आत धुऊन टाकावा. उरलेले कण क्ले बारने (चिकणमातीसारख्या मऊ, चिकट वडीने) काढावेत. क्ले फिरवताना पृष्ठभाग वंगण-द्रवाने सतत ओला ठेवावा, क्ले वरचेवर मळून स्वच्छ बाजू वर आणावी आणि ती जमिनीवर पडली तर सरळ टाकून द्यावी. क्लेमुळे स्वतःचेही हलके व्रण पडू शकतात, म्हणून पॉलिश करायचे असेल तेव्हाच तिचा वापर करावा.

मेणाने ओरखडे जात नाहीत. काही मेणांत आणि ग्लेझमध्ये (चमक आणणाऱ्या लेपात) ओरखडे तात्पुरते भरणारी द्रव्ये असतात, ती धुतली जातात आणि ओरखडे पुन्हा दिसू लागतात. ते खऱ्या अर्थाने काढायचे असतील, तर पॉलिश करावेच लागेल आणि संपूर्ण गाडीसाठी यंत्र घेणेच योग्य. नवशिक्याने ड्युअल अ‍ॅक्शन यंत्र घ्यावे. त्यात पॅड स्वतःभोवती फिरतानाच लहान कक्षेतही फिरतो, त्यामुळे एकाच जागी उष्णता साठण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. केवळ एका अक्षाभोवती फिरणारे रोटरी यंत्र अधिक वेगाने काम करते. पण नवख्या हातात ते क्लिअर कोट जाळू शकते.

येथे सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की सर्वांत सौम्य उपाय आधी. क्लिअर कोटचा कठीणपणा गाड्यागाड्यांत वेगवेगळा असतो, म्हणून दुसऱ्याच्या गाडीवर जमलेले पॅड आणि पॉलिश तुमच्या गाडीवर चालेलच असे नाही. सपाट भागावर साधारण ४५ सेंटिमीटरचा एक चौकोन निवडावा आणि मऊ फोमचा पॅड व बारीक पॉलिश यांनी तो करून पाहावा. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब पुरतात. यंत्र पृष्ठभागावर टेकवल्यानंतरच सुरू करावे, कमी वेगावर पॉलिश पसरवावे आणि मग वेग वाढवून आडव्या व नंतर उभ्या रेषांत, प्रत्येक रेषा आधीच्या रेषेचा निम्मा भाग झाकेल अशा रीतीने, सावकाश फिरवावे. पॅडच्या आधार-तबकडीच्या कडेवर मार्करने एक रेघ काढून ठेवल्यास पॅड खरोखर फिरतो आहे की दाबामुळे केवळ थरथरतो आहे, हे लगेच कळते. थांबला असेल तर दाब कमी करावा. चौकोन झाल्यावर पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पॉलिशचे तेल पुसून टाकावे आणि विजेरीच्या प्रकाशात पाहावे, कारण तेलही ओरखडे लपवते. समाधान झाले नाही, तरच अधिक घासणारे पॉलिश किंवा पॅड घ्यावा. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने स्वच्छ करावा. साचलेल्या पॉलिशने आणि निघालेल्या क्लिअर कोटने भरलेला पॅड नीट काम करत नाही.

शेवटचे खोल ओरखडे काढण्याचा हट्ट धरू नये. बहुतांश ओरखडे गेले आणि थोडे राहिले, तरी ती गाडी उन्हात सुंदर दिसते आणि क्लिअर कोटही शिल्लक राहतो.

उत्तर – मेणबत्तीनव्हे

सिरॅमिकबद्दल. त्यावर लिहिलेले ‘९एच’ हे पेन्सिलने ओरखडून पाहण्याच्या चाचणीतील माप आहे, खनिजांच्या कठीणपणाचे नव्हे. वाळूने त्यावर ओरखडा पडतोच. त्याचे खरे गुण वेगळे आहेत: रसायनांना ते चांगले तोंड देते, पाणी आणि चिखल त्यावर कमी चिकटतात आणि नीट लावल्यास ते वर्षभराहून अधिक काळ टिकू शकते. परंतु लावताना पृष्ठभागावर तेलाचा अंशही नको आणि जास्तीचा द्रव काही मिनिटांच्या आत पुसून सारखा करावा लागतो. तो तसाच घट्ट झाला, तर डाग काढण्यासाठी पुन्हा पॉलिशच करावे लागते.

म्हणून पहिले वर्ष सिंथेटिक सीलंटवर (मेणाऐवजी लावायच्या कृत्रिम संरक्षक लेपावर) काढावे, असे माझे मत आहे. ते लावणे सोपे असते, चूक झाली तर पुसता येते आणि सहसा काही महिने टिकते. ब्राझीलमधील ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नौबा मेण गडद रंगाला उबदार झळाळी देते, मात्र बहुधा काही आठवडे ते दोन-तीन महिनेच राहते. काहीही लावले, तरी पक्ष्यांची विष्ठा दिसताच ओले फडके काही मिनिटे त्यावर ठेवावे आणि मऊ झालेली विष्ठा न घासता उचलून घ्यावी. तापलेल्या रंगावर ती राहिली, तर क्लिअर कोटमध्ये कायमचा व्रण उमटतो.

निळीहॅचबॅक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन शंका उरल्या आहेत. चालकाच्या दारावर एक लांब ओरखडा आहे, तो पॉलिशने जाईल का? आणि पुढचा बंपर पुन्हा रंगवलेला वाटतो, तेथे काही वेगळी काळजी घ्यावी का?

उत्तर – तिसरापॅड

ओरखड्यावरून नख आडवे हलकेच फिरवून पाहावे. नख अडकत असेल, तर तो पॉलिशने सुरक्षितपणे जाण्याइतका उथळ नाही, असे समजावे. फार तर त्याच्या कडा मऊ होऊन तो कमी उठून दिसेल. आत पांढरा किंवा करडा प्रायमर दिसत असेल, तर टच-अप रंगच लावावा लागतो. पत्रा उघडा पडला असेल, तर गंज धरण्यापूर्वी हे काम करावे.

बंपर प्लास्टिकचा असतो. तो पत्र्याप्रमाणे उष्णता पसरवत नाही, त्यामुळे रंग लवकर तापतो. शिवाय थराची जाडी मोजणारी नेहमीची उपकरणे धातूवरच चालतात. पुन्हा दिलेला रंग किती जाड आहे, हे त्यामुळे घरी मोजता येत नाही. तेथे कमी वेग, मऊ पॅड आणि मोजक्या फेऱ्या एवढेच ठेवावे. बोनेट-दारांच्या कडांवर आणि उठावाच्या रेषांवर क्लिअर कोट सर्वांत पातळ असतो, म्हणून त्यांवर मास्किंग टेप लावूनच यंत्र सुरू करावे.

पहिल्या दिवशी एकच चौकोन पूर्ण करून त्यावर सीलंट लावावे आणि पुढील काही वेळा गाडी वर सांगितलेल्या पद्धतीने धुवावी. त्या चौकोनात नवे ओरखडे उमटले नाहीत, तर उरलेली गाडी पॉलिशला घ्यावी. उमटले, तर आधी हातमोजा, टॉवेल आणि पुसण्याची रीत तपासावी.